नियम पाठ आहे, तरी जोर चुकतोच: स्पॅनिश आघाताचं मराठी दुखणं

पुण्यातल्या एका कंपनीची फोनवरची मुलाखत. माझा विद्यार्थी इथं सांगलीत, विश्रामबागच्या आपल्या खोलीत दार लावून बसलेला. पलीकडच्या बाईंनी पहिलाच प्रश्न सोपा टाकला, स्पॅनिश बोलता का? पठ्ठ्या झोकात म्हणाला, ‘आब्लो॑ एस्पान्यो॑ल.’ पलीकडे क्षणभर शांतता. मग प्रश्न आला, ‘क्येन?’ म्हणजे, ‘कोण?’

बाई चेष्टा करत नव्हत्या. ‘आ॑ब्लो’ म्हणजे ‘मी बोलतो’ आणि ‘आब्लो॑’ म्हणजे ‘तो बोलला’. पोरानं मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं होतं, ‘तो स्पॅनिश बोलला.’ कोण बोलला, हे विचारणं भागच होतं. स्पॅनिशमध्ये आपल्यासारखंच ‘मी’, ‘तो’ गाळून चालतं, त्यामुळे कर्ता कोण आणि काळ कुठला हा सगळा भार क्रियापदाच्या शेपटावर येतो. इथं तर शेपूटही तेच, ‘ओ’. फरक फक्त जोराचा.

मी गेली काही वर्षं घरीच संध्याकाळचा वर्ग घेते. सहा-सात जण असतात, आणि दर तुकडीत साधारण दुसऱ्या महिन्यात हीच तक्रार येते: ‘ताई, नियम पाठ आहे ओ, पण तोंडात येतच नाही बघा.’ पूर्वी मी नियम पुन्हा समजावून सांगायचे. त्यानं काही होत नाही. नियम खरोखरच पाठ असतो, गळती दुसरीकडे असते. ती कुठं कुठं असते आणि कशी बुजवायची, ते इथं लिहून ठेवते आहे, म्हणजे पुढच्या तुकडीला वाचायला देता येईल.

आधी खुणेचं सांगते. ज्या अक्षरावर जोर, त्याच्या डोक्यावर मी बारीक उभी रेघ काढली आहे, वेदांच्या पोथीत असते तशी. हे वर्गात पहिल्यांदा फळ्यावर केलं तेव्हा मागून आवाज आला, ‘अहो बाई, ती रेघ स्वरिताची. उदात्ताला खूणच नसते.’ हे आमचे वाईचे काका. संस्कृतचे निवृत्त शिक्षक, मुलगी स्पेनमध्ये, नातवाशी बोलता यावं म्हणून शिकतात. उदात्त, अनुदात्त, स्वरित हे वेद म्हणतानाचे तीन स्वर, आणि काकांचं म्हणणं अगदी खरं आहे. ऋग्वेदाच्या पोथीत अनुदात्ताखाली आडवी रेघ, स्वरितावर उभी रेघ, आणि ज्याचा स्वर सगळ्यात उंच तो उदात्त बिनखुणेचा. मी म्हटलं, काका, माझ्यापुरती चालवून घ्या. त्यांनी घेतली, पण दर वेळी नाक मुरडून. ही रेघ माझी, उच्चारासाठी. स्पॅनिश लिपीत काही शब्दांच्या स्वरावर एक तिरकी रेघ छापलेली असते, तिला ते टिल्डे म्हणतात. ती वेगळी. टिल्डे काही थोड्या शब्दांवर असते, जोर मात्र प्रत्येक शब्दात कुठं तरी असतोच. निम्मा गोंधळ या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे होतो. उच्चार मी इथं लॅटिन अमेरिकेतले धरले आहेत.

नियम, एकदाच

शब्दाचा शेवट स्वरानं, ‘न’नं किंवा ‘स’नं झाला तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर: का॑सा (घर), आ॑ब्लान (ते बोलतात), लु॑नेस (सोमवार). इतर कुठल्याही व्यंजनानं झाला तर शेवटच्या अक्षरावर: आब्ला॑र (बोलणं), स्युदा॑द (शहर), एस्पान्यो॑ल. आणि शब्द यापैकी काहीच पाळत नसेल, तर जिथं जोर आहे तिथं टिल्डे छापलेली असते: काफे॑, तेले॑फोनो, आ॑र्बोल (झाड). संपला नियम. अक्षर म्हणजे इथं एका दमात निघणारा तुकडा, ‘बोल’ हे एकच अक्षर.

म्हणजे छापलेला स्पॅनिश शब्द समोर असेल तर जोर कुठं, हे कधीच अंदाजानं ठरवावं लागत नाही. इंग्रजीत ही चैन नाही. मग चुकतं कुठं?

पहिली गळती: वही

नव्या विद्यार्थ्याची वही उघडली की मला निदान करायला दोन मिनिटं पुरतात. डावीकडे मराठी अर्थ, उजवीकडे देवनागरीत स्पॅनिश शब्द. रोमन अक्षरं कुठंच नाहीत. ‘आपली लिपी कशी, जसं बोलतो तसं लिहितो,’ हा आपला लाडका अभिमान. जोराच्या बाबतीत तो गळ्यात येतो.

हे बघा. आरो॑स म्हणजे तांदूळ आणि का॑र्लोस हे माणसाचं नाव. देवनागरीत दोन्हींच्या शेवटी ‘स’. मग एकात जोर शेवटी आणि एकात आधी, असं का? कारण मूळ लिपीत तांदळाच्या शेवटी रोमन वर्णमालेतलं शेवटचं अक्षर झेड आहे, आणि कार्लोसच्या शेवटी एस. झेड हे नियमाच्या हिशेबानं ‘इतर व्यंजन’, म्हणून जोर शेवटी. लॅटिन अमेरिकेत दोघांचा उच्चार ‘स’च होतो. तुम्ही वहीत ‘आरोस’ लिहून मोकळे झालात की नियम लावायला लागणारी माहितीच पुसली गेली. आता नियम पाठ असून काय उपयोग?

तसंच एस्तो॑इ (मी आहे) आणि उरुग्वा॑इ. देवनागरीत शेवट स्वराचा दिसतो. मूळ लिपीत तिथं वाय आहे, आणि या नियमात शेवटचा वाय व्यंजनात धरतात. म्हणून जोर शेवटी.

आडनावांचंही हेच. पे॑रेस, गो॑मेस, फेर्ना॑न्देस ही सगळी झेडनं संपतात, म्हणजे जोर शेवटी पडायला हवा होता. पडत नाही, म्हणून त्यांच्यावर टिल्डे असते. आल्कारा॑सवर नसते, म्हणून टेनिसपटू कार्लोसच्या आडनावाचा जोर अगदी शेवटी. नादा॑लचा शेवट ‘ल’, तोही शेवटी. आपल्याकडे सामना बघताना ‘ना’वर दणका देऊन ‘ना॑डाल’ म्हणायची रीत आहे. वर्गात पहिल्या दिवशी मी हीच दोन नावं घेते. टेनिस बघणाऱ्या पोराला त्या दिवसानंतर निदान एक नियम विसरता येत नाही.

पण वहीतली खरी चोर वाट वेगळीच आहे, आणि ती लक्षात यायला मला स्वतःला बरीच वर्षं लागली. आपण देवनागरीत परका शब्द लिहिताना नकळत मराठी शुद्धलेखन लावतो. शाळेत घोटून घेतलेलं असतं: शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ, आणि शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचे इकार-उकारही दीर्घ. म्हणून पाणी, गहू, वीट, फूल. आता स्पॅनिशमध्ये पेन्सिलीला ला॑पिस म्हणतात. विद्यार्थी वहीत काय लिहितो? ‘लापीस’. वीट-फुलाच्या नियमानं ‘पी’ दीर्घ झाला. दुसऱ्या दिवशी तो वाचतो, आणि जिभेला दीर्घ ‘पी’ दिसल्यावर ती तिथंच रेंगाळते: ‘लापी॑स’. जोर गेला घसरत शेवटी. फा॑सिल (सोपं) चा होतो ‘फासी॑ल’, का॑दिस शहराचा होतो ‘कादी॑स’. टॅक्सी तिकडे ता॑क्सि, पण शेवटी दीर्घ लिहायची सवय, म्हणून ‘ताक्सी॑’. माद्रि॑दला मात्र हीच सवय कामी येते, तिथं जोर खरोखरच ‘द्रि’वर आहे. चुकीच्या हिशेबानं उत्तर बरोबर यावं, तसं.

उपाय सोपा, पण नेटानं करावा लागतो. वहीत शब्द आधी मूळ स्पॅनिश लिपीत, टिल्डेसकट. टिल्डे हा शब्दाचा दागिना नाही, काना-मात्रा आहे. ‘कल’ आणि ‘काल’ यांत जितका फरक, तितकाच. त्याखाली देवनागरी हवीच असेल तर सगळे इकार-उकार ऱ्हस्व लिहायचे, अपवाद नाही, आणि जोराच्या अक्षराच्या डोक्यावर लाल पेनानं रेघ. जुनी वही फेकू नका. तीच वही घेऊन रोज वीस शब्द असे दुरुस्त करा. चुकीचा शब्द हातानं खोडलेला लक्षात राहतो. फोनवर टिल्डे कशी काढायची, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं: स्पॅनिश कळफलक घ्या आणि स्वराची कळ दाबून धरा, रेघवाला स्वर वर येतो. मेसेज लिहिताना कंटाळा करून रेघ गाळली, की ती बोलण्यातूनही गळते. खुद्द स्पॅनिश माणसं मेसेजात सर्रास गाळतात, हे खरं. त्यांचं बोलणं तेवढ्यानं बिघडत नाही, आपलं बिघडतं.

दुसरी गळती: कान

मराठीत जोर बदलला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही. आपल्याकडे दिन आणि दीन, सुत आणि सूत यांत अर्थ बदलतो तो लांबीनं, तोही आता बोलण्यापेक्षा लिहिण्यात जास्त. आणि वाक्यात एखाद्या शब्दावर भर द्यायचा तर आपण आवाजावर विसंबतच नाही, सरळ ‘च’ लावतो. ‘मीच केलं.’ ‘कालच केलं.’ इतकी सोय हाताशी असताना कान कशाला कष्ट घेतील? म्हणून स्पॅनिश माणसाचा जोर आपल्या कानाला ऐकू आला तरी तो ‘असंच काहीतरी’ म्हणून सोडून दिला जातो.

पा॑पा म्हणजे बटाटा (लॅटिन अमेरिकेत) आणि पोपही, पापा॑ म्हणजे बाबा. वर्गात मी दोन्ही म्हणून दाखवते आणि हात वर करायला लावते. पहिल्या आठवड्यात बाबांचा बटाटा आणि बटाट्याचे बाबा होतात. दोष हुशारीचा नाही, सवयीचा.

बोलताना आणखी एक खोड आढळते. निदान माझ्या वर्गात तरी, गोंधळलेला मराठी माणूस शब्दाच्या शेवटाला लोंबकळतो. हाक मारताना आपण ‘अहोऽऽ’ म्हणतो ना, तसा. लसणाला स्पॅनिशमध्ये आ॑हो म्हणतात, जोर पुढे, झटकन. एका विद्यार्थिनीनं भाजी आणायच्या संवादात इतक्या लाडानं ‘आहोऽ’ मागितला, की काकांनी ‘ओ’ दिली. लसूण तिला अजून त्यावरूनच आठवतो. मुलाखतीतल्या पोराचं ‘आब्लो॑’ हे याच खोडीचं फळ. आठवायला वेळ लागला, शेवटचा ‘ओ’ ताणला गेला, आणि वर्तमानकाळाचा भूतकाळ झाला.

काकांना मात्र पहिल्या दिवसापासून कळत होतं. मी विचारलं तर म्हणाले, ‘उच्चैरुदात्तः. वरच्या पट्टीत म्हटला तो उदात्त. लहानपणी मान खाली-वर करून घोकलंय.’ मग त्यांनी पोरांना इन्द्रशत्रूची गोष्ट सांगितली. त्वष्ट्यानं यज्ञ मांडला तो इन्द्राला मारणारा मुलगा व्हावा म्हणून. ‘इन्द्रशत्रु’ शब्दात स्वर शेवटी हवा होता, तर अर्थ झाला असता ‘इन्द्राचा मारेकरी’. म्हणताना स्वर पहिल्या पदावर पडला, अर्थ झाला ‘इन्द्र ज्याचा मारेकरी आहे तो’. आणि त्या यज्ञातून झालेला मुलगा, वृत्र, इन्द्राच्याच हातून मेला. आमच्या पोराची निदान नोकरीच गेली.

काकांच्या ‘वरच्या पट्टीत’मध्येच या गळतीचा उपाय आहे. स्पॅनिश जोर म्हणजे ओरडणं नाही आणि अक्षर दुप्पट ताणणंही नाही. आवाज किंचित चढतो, अक्षर थोडंसं लांबतं, थोडा दाब येतो, हे तिन्ही मिळून. बाकीची अक्षरं मात्र इंग्रजीसारखी गिळायची नाहीत. ‘आ’ जोराविनाही स्वच्छ ‘आ’च राहतो. हे दुसरं मराठी जिभेला सहज जमतं, त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटायला हरकत नाही.

सरावासाठी मी एकच शब्द वापरते, कारण तो तिन्ही जागी जोर घेतो आणि तिन्ही वेळा अर्थ बदलतो. ते॑र्मिनो: संज्ञा, शेवट. तेर्मि॑नो: मी संपवतो. तेर्मिनो॑: त्यानं संपवलं. मिरजेहून एक तबला शिकणारा मुलगा येतो, त्यानं याचं रूप सोडवून दिलं. तीन सारख्या मात्रा मोजायच्या, लय अजिबात हलू द्यायची नाही, टाळी फक्त जोरावर. आधी पहिल्या मात्रेवर, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. लय सारखी ठेवल्यामुळे अक्षर ताणायची सोयच राहत नाही, आणि जोर आवाजाच्या चढावरच द्यावा लागतो. हे जमलं की पु॑ब्लिको (सार्वजनिक), पुब्लि॑को (मी प्रसिद्ध करतो), पुब्लिको॑ (त्यानं प्रसिद्ध केलं). पाच मिनिटं रोज, भाजी चिरताना सुद्धा. मांडीवर टाळी दिली तरी चालते. सुरी हातात असेल तेव्हा नको.

तिसरी गळती: इंग्रजीची सावली

ही ओळखीच्या शब्दांतच होते, म्हणून चिवट. डॉक्टर, हॉटेल, हॉस्पिटल, कलर, जनरल हे शब्द आपण आईच्या दुधाबरोबर प्यायलो आहोत. स्पॅनिशमध्ये ते दोक्तो॑र, ओते॑ल, ओस्पिता॑ल, कोलो॑र, हेनेरा॑ल. ‘र’ आणि ‘ल’ शेवटी आले, जोर शेवटी. इतकं सरळ आहे, तरी ‘दो॑क्तोर’ निघतंच. इथं नियम आठवत बसू नका. असे तीस-चाळीस शब्द एका दमात, एका चालीत म्हणून टाका, पाढ्यासारखे: दोक्तो॑र, प्रोफेसो॑र, दिरेक्तो॑र, कोलो॑र, एर्रो॑र. चाल बसली की नवा शब्दही आपोआप त्याच चालीत येतो.

चालीला अपवाद निघतो तेव्हा तो टिल्डेसकट निघतो. साखरेला आसु॑कार म्हणतात, शेवट ‘र’चा पण जोर ‘सु’वर, म्हणून ‘सु’वर टिल्डे. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून हा शब्द चुकायला नको, असं मी दर वेळी म्हणते.

चौथी: ‘इआ’चा घोळ

फार्मा॑स्या (औषधाचं दुकान) आणि पोलिसि॑आ (पोलीस). दोन्ही मूळ लिपीत ‘इ’ आणि ‘आ’नंच संपतात. स्पॅनिशमध्ये ‘इ’ आणि ‘उ’ हे कच्चे स्वर, ‘आ’, ‘ए’, ‘ओ’ पक्के. कच्चा पक्क्याला टेकला की दोघं मिळून एकच अक्षर होतं. त्यामुळे ‘फार्मा॑स्या’ तीनच अक्षरांचा, जोर शेवटून दुसऱ्या ‘मा’वर, नियमाप्रमाणे. पण कच्च्या स्वरावर टिल्डे असेल तर तो पक्का होऊन सुटा उभा राहतो आणि जोरही स्वतःकडे घेतो: पोलिसि॑आ, दि॑आ (दिवस), मारि॑आ, माइ॑स (मका), पाइ॑स (देश).

इतका वेळ देवनागरीला बोल लावले, पण या एका जागी ती रोमनपेक्षा सरस आहे. आपल्याकडे जोडाक्षर आहे! टिल्डे नसेल तर जोडाक्षर लिहा, असेल तर सुटा स्वर. फामि॑ल्या, इस्तो॑र्या, ग्रा॑स्यास हे जोडाक्षरानं. पानादेरि॑आ (बेकरी) सुट्या ‘आ’नं. डोळ्यालाच कळतं किती अक्षरं आहेत. आपल्या देशाचं नाव स्पॅनिशमध्ये दोनच अक्षरी आहे: इ॑न्द्या. विद्यार्थी हौसेनं ‘इन्दि॑आ’ म्हणतात, म्हणजे देशाला उगाच एक अक्षर जास्तीचं.

अनेकवचनात टिल्डे येते-जाते, घाबरू नका

‘ताई, गाण्यावर रेघ होती, अनेकवचनात कुठं गेली?’ कान्स्यो॑न, कान्स्यो॑नेस. जोर जागचा हलला नाही. मागे ‘एस’ हा तुकडा लागून एक अक्षर वाढल्यामुळे जोर आपोआप शेवटून दुसऱ्यावर आला, म्हणजे नियमात बसला, म्हणून रेघ गेली. उलटही होतं: हो॑बेन (तरुण) ला टिल्डे नाही, हो॑बेनेसला आहे, कारण आता तो शेवटून तिसऱ्यावर गेला. शेवटून तिसऱ्यावर जोर असलेल्या प्रत्येक शब्दाला टिल्डे असतेच, एकही सुटत नाही. हळदीचा शब्द त्यातलाच, कु॑र्कुमा. खरोखर जोर सरकतो असे शब्द मोजके आहेत, त्यातले दोन लक्षात ठेवा: कारा॑क्तेर (स्वभाव) चं काराक्ते॑रेस, रे॑हिमेन (राजवट) चं रेहि॑मेनेस.

एकाक्षरी शब्दांवरच्या रेघेनं मात्र जोर शोधायला जाऊ नका. ‘एल’वर रेघ असली तर ‘तो’, नसली तर नामाआधीचं उपपद. ‘सि’वर असली तर ‘हो’, नसली तर ‘जर’. अक्षरच एक, जोर जाणार कुठं? रेघ फक्त अर्थाचा घोटाळा टाळायला.

कधी कधी चूक तुमची नसते

एकीनं ॲपवर बि॑देओ ऐकलं, मालिकेत बिदे॑ओ, आणि माझ्याकडे भांडायला आली. दोन्ही बरोबर. पहिलं स्पेनचं, टिल्डेसकट. दुसरं लॅटिन अमेरिकेतलं, टिल्डेविना. फुटबॉलही बहुतेक ठिकाणी फु॑त्बोल, पण मेक्सिकोत फुत्बो॑ल. आणि अर्जेंटिनाचा मुलगा ‘तू बोलतोस’ला आ॑ब्लास न म्हणता आब्ला॑स म्हणाला, त्ये॑नेसला तेने॑स म्हणाला, तर तो चुकत नाही, त्यांच्याकडे ‘तू’साठी ‘बोस’ वापरतात आणि त्याचं क्रियापद शेवटावर जोर घेतं. आपण एकच तऱ्हा धरावी आणि दुसरी ऐकून ओळखावी. कोल्हापूरकराचं बोलणं सांगलीकराला कळतं, म्हणून तो काही तसं बोलायला जात नाही.

बरं झालं की नाही, हे तपासायचं कसं

शिक्षकाच्या कानावर सोडू नका. शिक्षकाला तुम्हाला काय म्हणायचं आहे ते आधीच माहीत असतं, त्यामुळे तो नकळत बरोबर ऐकतो. मीही ऐकते. त्याऐवजी फोनमध्ये बोलून टंकायची सोय स्पॅनिशवर लावा आणि एकेक सुटा शब्द म्हणा: ‘पा॑गो’ (मी पैसे देतो), ‘पागो॑’ (त्यानं पैसे दिले). फोन टिल्डे घालतो की नाही ते बघा. सुटाच शब्द म्हणायचा, कारण पूर्ण वाक्य दिलं की यंत्र आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधतं आणि तुमची चूक झाकून टाकतं. ‘काल’ म्हटलं की ते भूतकाळच लिहिणार.

दुसरी तपासणी जास्त कडक. दहा जोड्या कागदावर उलटसुलट क्रमानं लिहून रेकॉर्ड करा. ए॑स्ता (ही), एस्ता॑ (आहे). कागद दडवून ठेवा. दोन दिवसांनी ऐका आणि जे ऐकू येतं ते लिहा. मग कागद काढून ताळा. स्वतःच्याच आवाजातली चूक इतकी लख्ख ऐकू येते की काही जण पहिल्यांदा रेकॉर्डिंगच खराब आलंय म्हणतात.

सुटा शब्द बरोबर, वाक्यात चूक, ही शेवटची पायरी. यावर मी एकच औषध देते. मुलाखतवाल्या पोराच्या चुलत्यांचं मार्केट यार्डात बेदाण्याचं काम आहे. दर सोमवारी तो आधी स्वतःचा आठवडा सांगतो, वर्तमानकाळात, ‘मी’ लावून. मग लगेच चुलत्यांचा आठवडा, भूतकाळात, ‘तो’ लावून. तीच क्रियापदं, तोच क्रम, जोर तेवढा पुढून मागे. बेदाणा म्हणजे पा॑सा, आणि ‘पासो॑’ म्हणजे ‘तो गेला’, त्यामुळे सौद्याच्या गोष्टीत मजा येते. परवा त्यानं चुलत्यांची चार वाक्यं ओळीनं नीट म्हटली: आले, बोलले, काम केलं, संपवलं. पाचव्याला ‘पा॑गो’ म्हणाला, म्हणजे चुलत्यांचे पैसे यानंच भरले. काका मागून म्हणाले, ‘पावती घे रे.’ मग पुन्हा पहिल्या वाक्यापासून.